मावशीचा डावा पाय

ओझरच्या हमरस्त्यावर एका चहाच्या टपरीपुढे लाकडी बाकडं होतं. त्यावर बसण्याआधी मी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. एवढ्या शिक्षणावर मला विमानाची नोकरी लागली.

बाकीचं शिक्षण म्हणाल तर सातवी. तिकडे भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत शाळा कधी मागे पडली ते कळलंही नाही. तिशीला आलो तेव्हा बायको-पोरांना गावी ठेवून, कुणाच्या तरी सांगण्यावरून नाशिक गाठलं. पिंपळगावला हंगामभर द्राक्षं पेट्यांत भरली. हंगाम संपला तसं काम संपलं, आणि मी त्या टपरीवर येऊन उभा राहिलो. मी मुळातच भित्रा. शिडी, विहिरीचा काठ, पाहुण्यांची मोटारसायकल, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. म्हणून बाकडं हलवलं. तर पलीकडे बशीतून चहा पिणारे एक उंच, वाळके गृहस्थ म्हणाले, "का रे हलवलंस?"

"मोडलं तर पडीन ना जी."

"मोडेल असं वाटलं?"

"वाटून नाही राह्यलं. पण पाहिलेलं बरं."

त्यांनी बशी खाली ठेवली. गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग होतं, ते डोळ्याला लावून बाकड्याखाली वाकले, एकेक पाय निरखला आणि टपरीवाल्यावर ओरडले, "अरे, एवढ्या वर्षांत हे बाकडं हलवून मग बसणारा हा पहिला माणूस! आणि तू त्याला बिस्किटसुद्धा विचारत नाहीस?" मग माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी ये. मला भित्राच माणूस हवाय. शूर माणसं भरपूर झालीत तिकडं."

तिकडं म्हणजे द्राक्षबागांच्या मधोमध असलेली, विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा. एक धावपट्टी, एक हँगर, एक ऑफिस आणि तीन जुनी, दोन माणसं बसतील एवढी विमानं. मुलं विमानं उडवायची आणि नाना ती तपासायचे. नाना म्हणजे हेच भिंगवाले. सारा जन्म विमानं तपासण्यात गेलेला. त्यांनी मान डोलावल्याशिवाय चाक हलायचं नाही, निदान तसा नियम होता.

नानांचं जगातल्या कुठल्याही पायांकडे लक्ष असे. लग्नाला गेले की आधी मांडवातली खुर्ची उलटी करायचे, चारही पाय भिंगातून बघायचे, मग सुलटी करून बसायचे. एकदा मुलीकडच्यांना वाटलं, हे मंगल कार्यालयवालेच. त्यांनी नानांकडे आणखी पन्नास खुर्च्या मागितल्या. नानांनी त्याही तपासून दिल्या. पुतणीला बघायला मुलगा आला, तर हे त्याच्या चष्म्याच्या बिजागरीकडे बघत बसले आणि पोहे संपायच्या आत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. चष्मा मात्र दिवाळी बघत नाही." स्थळ मोडलं. चष्म्याचं काय झालं ते कळवायला मग कोण येतंय!

शंका आली की नाना त्या वस्तूला लाल फडकं बांधायचे. लाल फडकं म्हणजे हात लावायचा नाही, मी बघेन मग. हा नियम विमानांसाठी होता. पण नानांना शंका फार यायच्या. ऑफिसातल्या टेबलफॅनला लाल फडकं. पाण्याच्या माठाच्या तिवईला लाल फडकं. आमचे मुख्य शिक्षक कॅप्टनसाहेब, फौजेतून आलेले, दिलदार आणि हिंदी बोलणारे. त्यांच्या स्कूटरच्या स्टँडला तर कायमचंच. एकदा शाळेचे एक म्हातारे विश्वस्त आले होते. बोलता बोलता त्यांनी काठी भिंतीला टेकवली, आणि जाताना बघतात तर काठीला लाल फडकं. "नाना, अब मैं घर कैसे जाऊँ?" असं ते केविलवाण्या चेहऱ्यानं विचारत होते. शेवटी असं झालं की शाळेत लाल फडकं दिसलं की लोक ते सोडून घ्यायचे आणि त्यानं हात पुसायचे. चांगलं सुती कापड असायचं.

आणि विमानांची नावं! प्रत्येक विमानाच्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती. कॅप्टनसाहेब ती अक्षरं म्हणायचे, ऑफिसही तीच म्हणायचं. नानांच्या तोंडी मात्र तिघींची नाती होती. एक आत्या, तिचं इंजिन सकाळी सकाळी कुरकुर करायचं. एक काकू, निम्मं वर्ष आजारी. आणि एक मावशी. मावशीनं कधी कुणाला त्रास दिला नाही, म्हणून नवं पोरगं आलं की त्याला मावशीकडे द्यायचे. नवं पोरगं म्हणजे विमान उतरवत नाही, टाकतं. पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा मुलगा शिकायला होता. तो उतरला की नाना धावपट्टीच्या कडेनं ओरडायचे, "अरे, गोणी उतरवतोयस का? हमाली मागशील आता!" तो हसायचा. मावशी बिचारी सहन करायची.

मावशीला पुढे नाकाखाली एक चाक आणि मागे दोन. मागची दोन चाकं दोन पोलादी पायांवर. ट्रकला कमान-पाटा असतो ना, तसा एकेक जाड पट्टा पोटाखालून बाहेर आलेला. विमान आदळलं की तो पट्टा फाकतो आणि परत जागेवर येतो. फाकतो, परत येतो. नाना मला आठवड्यातून एकदा तरी त्याखाली निजवायचे.

"काय दिसतं?"

"काही नाही जी. चांगला हाये."

एकदा त्यांनी माझ्या हातात तारेचा तुकडा दिला. म्हणाले वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर. थोड्या वेळानं कट्ट करून तुटला.

"कधी तुटली?"

"आत्ताच की. तुमच्यासमोर."

"गाढवा, तू पहिल्यांदा वाकवलीस तेव्हाच सुरुवात झाली. तुला आवाज आज आला." मग स्वतःच्या गुडघ्यावर थापटी मारून म्हणाले, "माणूस थकला की झोपतो आणि सकाळी ताजा. लोखंड झोपत नाही रे. त्याचा थकवा साठत जातो. आणि ते कुरकुरतसुद्धा नाही, हा त्याचा मोठा दोष. माझी बायको बघ, किती बरी."

हा थकवा बघायची एक रीत होती. पाय स्वच्छ पुसायचा, त्यावर लालभडक पातळ रंग लावायचा. थांबायचं. रंग पुसून काढायचा आणि वरून पांढरी पूड फवारायची. कुठे केसाएवढी चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. नाना याला हळदीकुंकू म्हणायचे. "आज आत्याचं हळदीकुंकू आहे," असं हँगरातून ओरडायचे. ऑफिसात झाडायला येणाऱ्या बाईंनी एकदा खरंच विचारलं, "नाना, आम्हाला बोलावनं नाय ते?" नाना म्हणाले, "या की, पण वाण म्हणून ग्रीसचा डबा मिळेल."

पुढे ऑफिसच्या फळ्यावर एक सूचना लागली: 'विमानांचा उल्लेख नात्याने करू नये.' असली सूचना दुसऱ्या कुठल्या विमानशाळेत असेल असं वाटत नाही. नानांनी ती अक्षरशः पाळली. वर घरी जाऊन सूड उगवला: स्वतःच्या खऱ्या आत्याला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी हाक मारायला लागले. ती सूचना का लागली, तेच सांगतो.

मखमलाबादच्या एका गुलाबवाल्यांची मुलगी आमच्याकडे शिकत होती. बाप पहाटे फुलांच्या बाजारात, मुलगी सकाळी आमच्याकडे. धीट पोरगी. मी तिला ताई म्हणायचो, तीही मला दादा म्हणायची. त्या सकाळी ती पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर जाणार होती, शेजारी शिक्षक नाही; याला सोलो म्हणतात. अर्थात मावशीच.

आदल्या दिवशी मी तापानं खोलीवर पडून होतो. त्या संध्याकाळी नानांनी एकट्यानंच मावशीचं हळदीकुंकू केलं, आणि डाव्या पायावर, जिथं तो पोटाला जोडलेला असतो तिथं, लाल रेघ उमटली. ऑफिस बंद झालं होतं. रीतसर कागद सकाळी करू म्हणून त्यांनी मावशीच्या नाकावरच्या पंख्याला लाल फडकं बांधलं. मग रात्रभर त्यांना झोप नाही. नवा पाय मुंबईत मिळतो. कागदासाठी थांबलो तर दिवस जाईल, म्हणून पहाटेच ते नाशिकच्या स्टँडवर गेले आणि ऑफिस उघडायची वेळ होताच, एसटीत बसण्याआधी, बूथवरून तिथं फोन लावला.

फोन उचलला आमच्या नव्या कारकुनानं. नामपूरकडचा पोरगा, रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. मागे गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची शिट्टी. नाना ओरडून म्हणाले, "कॅप्टनसाहेबांना सांग, मावशीचा डावा पाय गेला! तिला जागेवरून हलवू नका म्हणावं. मी नवा पाय आणायला मुंबईला चाललोय!"

कारकून मनानं फार चांगला होता. त्याला वाईट वाटलं. कॅप्टनसाहेब आल्याबरोबर त्यानं निरोप दिला, की नानांच्या मावशीचा पाय काढावा लागला आणि नाना नकली पाय आणायला मुंबईला गेलेत. कॅप्टनसाहेब हळहळले. "बेचारी. उमर भी होगी." नानांना चार दिवस रजा द्या म्हणाले. मग हँगरात गेले, मावशीच्या पंख्यावरचं लाल फडकं सोडलं, पुढची काच त्यानं स्वच्छ पुसली, आणि चौकीदाराच्या मदतीनं विमान बाहेर ढकललं.

मी पोचलो तेव्हा ताप उतरला होता. हँगरात मावशी नाही. वर आवाज.

"नाना कुठं गेले जी?" मी कारकुनाला विचारलं.

"अरे दादा, वाईट झालं. नानांच्या मावशीचा डावा पाय गेला."

मी नानांच्या घरी गणपतीला जेवलो होतो. त्यांना मावशी नाही हे मला माहीत होतं. होती ती एकच. मी वर बघितलं. ती गिरणारेच्या बाजूनं, उन्हात छान चमकत चालली होती.

मी पळालो. कॅप्टनसाहेब ऑफिसशेजारच्या खोलीत वायरलेसच्या टेबलाशी होते. मी आत घुसलो. "साहेब, मावशी वो नहीं! मावशी ये है!" मी वर बोट केलं.

"क्या बक रहा है?"

"नाना की मावशी आसमान में है, साहेब!"

कॅप्टनसाहेबांना वाटलं, म्हातारी गेली. त्यांनी टोपी काढली.

तेवढ्यात फोन वाजला. घोटीला एसटी चहाला थांबली होती, आणि नानांना चैन नव्हतं म्हणून त्यांनी पुन्हा बूथ गाठला होता. कारकुनाच्या हातून फोन मीच घेतला.

"मावशी कुठाय?" नाना म्हणाले.

"वर."

 नानांनी हळूच विचारलं, "कोण आहे तिच्यात?"

"गुलाबवाल्या ताई. एकट्या."

एव्हाना कॅप्टनसाहेबांच्या ध्यानात सगळं आलं होतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष फोनच्या वायरीकडे होतं. ती वायरलेसच्या खोलीपर्यंत पुरत नव्हती. मग कारकून फोन धरून ऑफिसात, मी दारात, साहेब आत. साहेब विचारायचे, मी ओरडायचो, कारकून फोनमध्ये ओरडायचा. त्या घाईत तो बोलीनं पार नामपूरला जाऊन पोचला होता. "नाना, साहेब पुसतस, पाय कितला येळ धरी?"

"एकदा धरील! एकदाच!" नानांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "टेकली की परत उचलायची नाही म्हणावं!"

ताईंना तर तेच करायचं होतं: टेकायचं, परत उचलायचं, पुन्हा टेकायचं. त्या वळून धावपट्टीच्या रेषेत यायला लागल्या होत्या. कॅप्टनसाहेबांनी शांत आवाजात सांगितलं, अजून उतरू नकोस, एक चक्कर मार. मग कसं उतरायचं ते सांगितलं: धावपट्टीवर नाही, शेजारच्या गवतावर. उजवं चाक आधी. डावा पंख जितका वेळ वर धरता येईल तितका धर. टेकायच्या आधी इंजिन बंद. हे सगळं त्यांचं काम आणि ते त्यांनी झकास केलं. पण वरून ताईंचा आवाज आला, "सर, व्हाय? काय झालंय?" आणि साहेब अडले.

नाना फोनवर ओरडत होते, "तुटलाय म्हणू नका! तुटला म्हटलं तर पोरगी घाबरेल! थकलाय म्हणा, थकलाय! म्हणजे सांभाळून घेईल!"

मी ते आत सांगितलं.

"पैर थक गया है?" कॅप्टनसाहेब म्हणाले. "ये मैं कैसे बोलूँ? इंग्लिश में ऐसा कुछ होता ही नहीं!" आणि त्यांनी तो माइक माझ्या हातात कोंबला. "तू बोल. तेरी ज़बान में बोल."

त्या यंत्रावर परवान्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. सातवी शिकलेल्याचा तर प्रश्नच नव्हता.  बटण दाबलं आणि मी म्हणालो, "ताई, मी दादा बोलून राह्यलो. घाबरू नका जी. मावशीचा डावा पाय थकून राह्यला. उजव्यावर बसवा तिला. डाव्यावर हळूच, मंग."

वर थोडा वेळ खरखर. मग ताईंचा आवाज, अगदी मराठीत, "बरं. दमानं घेते तिला."

मी फोनपाशी पळालो. तिकडे घोटीच्या स्टँडवर नाना एकटे नव्हते. कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली होती, तर प्रवासीच त्याच्यावर खेकसले होते. सगळी एसटी बूथभोवती गोळा झाली होती. एक बाई विचारत होती, "उतरली का हो लेक?" कुणीतरी म्हणत होतं, "थांबा, थांबा, नाना ऐकतायत." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. जणू ताई घोटीलाच उतरणार होत्या.

मावशी आली. इंजिन गप्प झालं आणि फक्त वाऱ्याचा आवाज राहिला. उजवं चाक गवताला लागलं. ती एका पायावर धावत होती, डावा पंख वर, लंगडी खेळणाऱ्या मुलीसारखी. वेग उतरत गेला तसा पंखही उतरत गेला. डावं चाक टेकलं. धरलं. अजून धरलं. मग कडकन आवाज झाला, पाय पोटाखाली मुडपला, पंख गवतात घुसला, मावशीनं धुळीत अर्धी गिरकी घेतली आणि थांबली.

दार उघडून ताई उतरल्या. कपाळाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. आम्ही धापा टाकत पोचलो, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, माझं सोलो धरणार ना?"

कॅप्टनसाहेबांनी आधी त्यांच्या कपाळाला रुमाल लावला. तेव्हा मला फोनची आठवण झाली. जाऊन सांगितलं, "उतरल्या जी." घोटीच्या स्टँडवर एवढा ओरडा झाला की मी फोन कानापासून लांब धरला.

नाना मुंबईला गेलेच नाहीत. कांदे टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोत बसून दुपारी आले. कुणाशी न बोलता गवतात पालथे पडले आणि मोडलेल्या पायाचा तुटका भाग भिंगातून बघत राहिले. मग मला बोलावलं.

"निज इथं. काय दिसतं?"

तुटलेल्या पोलादाचा बराचसा भाग काळपट आणि गुळगुळीत होता. त्यावर एकाआड एक बारीक वळ्या होत्या, तळ्याचं पाणी आटत जाताना काठावर रेघा राहतात तशा. आणि एका कडेला, अंगठ्याच्या नखाएवढी जागा फक्त खरखरीत, चकचकीत होती.

"काळा भाग आधीच तुटलेला होता," नाना म्हणाले. "किती महिन्यांपासून, देव जाणे. कांदेवाल्याची एक वळी यात असेल, आणखी कुणा नव्या पोराची एक. आज तुटलं ते एवढंसं." त्यांनी चकचकीत जागेवर नख ठेवलं. "एवढ्यानं धरलं तिला." मग बराच वेळ भिंग पुसत बसले. फडक्यांचा त्यांना राग आला होता. कुणाचाच नाही, स्वतःच्या फडक्यांचा. त्या दिवसानंतर त्यांनी खुर्चीला, माठाला, काठीला फडकं बांधलं नाही. बांधलं ते फक्त विमानाला, आणि तेव्हा कुणी त्यानं हात पुसले नाहीत.

ताई मागं उभ्या होत्या. "नाना, सर म्हणतात विमान मोडलं म्हणून सोलो धरता येतं का ते विचारावं लागेल."

"कुणाला?" नाना उठले. "गेलीस एकटी?"

"हो."

"आलीस एकटी?"

"हो."

"आपल्या पायांनी उतरलीस?"

"मी उतरले."

"मग विचारायचं काय राहिलं? मावशीचे पाय मावशीच्या हिशोबात!" आणि ते हँगरात गेले.

आमच्याकडे रिवाज होता. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या डोक्यावर सगळ्यांनी मिळून बादलीभर पाणी ओतायचं. नाना काठोकाठ भरलेली बादली घेऊन आले. कॅप्टनसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. ताईंनी डोळे मिटले. नानांनी पाणी ओतलं, पण सगळं नाही. निम्म्यावर थांबले.

"आता तू ये," ते मला म्हणाले.

"मी काहून? मी कुठं उडालो?"

"उडाला नाहीस. पण माइकवर पहिल्यांदा बोललास ते एकटाच ना?"

मला ताप येऊन गेलाय, पाणी गार आहे, मी जमिनीवरचाच माणूस बरा, असं पुष्कळ सांगितलं. ताई खो-खो हसत होत्या. कारकून तर टाळ्या वाजवत होता. कॅप्टनसाहेबांनी मागून माझे दोन्ही खांदे धरले, आणि नानांनी उरलेली बादली माझ्या डोक्यावर रिकामी केली.